श्रीखंडाच्या डब्यातलं दोडकं

माझ्या थोरल्या मुलाची सोयरीक एकदा मोडता मोडता राहिली. देण्याघेण्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होते, आणि दोघांचे बाप तर पहिल्याच भेटीत कापसावर आणि पावसावर असे बोलत बसले की मुलं बाजूलाच राहिली. सोयरीक अडली ती माझ्यामुळे, आणि माझ्यामुळे म्हणजे श्रीखंडाच्या एका डब्यामुळे. डब्यात श्रीखंड नव्हतं. असतं तर काहीच बिघडलं नसतं.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. मी पन्नाशीच्या अलीकडे उभी होते आणि पन्नाशी दिसू नये म्हणून पोट आत ओढून उभी होते. तेवढ्यात भाचीच्या लग्नाची कॅसेट आली. सगळं घर टीव्हीपुढे बसलं. पंगतीत एक बाई पाठमोरी वाढत चालली होती आणि शूटिंगवाला दिवा घेऊन तिच्या मागोमाग. तिच्यापायी नवरी दिसेना. मी म्हटलं, ही कोण बया, जरा बाजूला हो म्हणावं हिला. घरात कुणी हसलं नाही. धाकट्यानं कॅसेट थोडी पुढे सरकवली. बाई वळली. मी होते.

त्याच थंडीत माझी धाकटी जाऊ अमेरिकेहून महिनाभर आली. लग्न होऊन गेली तेव्हा माझ्यासारखीच भरल्या अंगाची होती, आली ती उभी रेघ होऊन. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, कसलं औषध घेतेस? ती म्हणाली, औषध नाही, डबे. तिकडे दुकानात गोठवलेलं जेवण मिळतं. एका डब्यात एका माणसाचं एका वेळचं. वर खाण्याचा फोटो, फोटोखाली कॅलरीचा आकडा. आणायचे, बर्फात ठेवायचे, भूक लागली की एक काढून यंत्रात गरम करायचा, खायचा, डबा फेकून द्यायचा.

"आणि वहिनी, मुख्य म्हणजे कुणी आग्रह करत नाही," ती म्हणाली. "डबा संपला की जेवण संपलं."

बाकीचं मला फारसं कळलं नाही, पण हे बराबर कळलं. माझ्या अंगावर जे चढलं होतं ते माझ्या ताटातलं नव्हतंच. ह्यांच्या डब्यात न मावलेली अर्धी पोळी, मुलांनी टाकलेला भाताचा कोपरा, पातेल्याच्या बुडाशी राहिलेली खरवड, शेजारणीनं पाठवलेल्या वाटीला परत देताना लागलेली चव. यातलं काहीच मी जेवण म्हणून धरत नव्हते. मी दिवसातून दोनदा जेवत होते, आणि बाकीचा वेळ नुसती आवराआवर करत होते.

जावेनं जाताना मला एका इंग्रजी मासिकाचं कात्रण दिलं, कोणत्या पदार्थात किती कॅलरी त्याचं. नमुन्याला एक रिकामा काळा डबाही दाखवला. खाऊन झाल्यावर तो तिनं धुऊन ठेवला होता आणि त्यात टाचण्या, कानातली असलं काय काय भरून आणलं होतं. म्हणजे दहा वर्षं अमेरिकेत राहूनही तिला तो फेकवला नव्हता.

मी ठरवलं की हे आपणही करायचं. थोरल्यासाठी मुली बघणं सुरू होतं. आज ना उद्या मांडवात उभं राहायचं होतं, आणि शूटिंगवाला तर येणारच होता.

डब्यांचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे पाडव्या-दसऱ्याला विकतचं श्रीखंड येतं आणि त्याचे डबे घरातून कधीच जात नाहीत. माळ्यावर चळतच्या चळत होती. दर रविवारी मी आठवड्याचं माझं जेवण एकदम करायला लागले. दोडक्याची भाजी, मुगाची खिचडी, चतकोर भाकरी, असं एकेका डब्यात भरायचं, झाकणावर कागदाची पट्टी चिकटवायची, पट्टीवर आकडा लिहायचा, आणि डबे फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबायचे. आमचा फ्रीज एका दाराचा. तो कप्पा असून असून केवढा. बर्फाचा ट्रे बाहेर आला, ह्यांचं थंड पाणी गेलं, आणि आठ दिवसांत डबे एकमेकांना आणि कप्प्याला असे चिकटले की रोज दुपारी मला उलथनं आणि बत्ता घेऊन जेवण खणून काढावं लागे. त्या खणण्यात किती कॅलरी जळतात ते कात्रणात नव्हतं. मी आपल्या मनानं धरल्या.

कात्रणात आणखीही बरंच नव्हतं. टर्की होती, भाकरी नव्हती. मग मी भाकरीचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणून पाव धरला आणि वजनास वजन हिशेब केला. वजनासाठी थोरल्यानं काटा आणून दिला. तो एमआयडीसीत बियाण्याच्या प्लँटवर होता. तिथे बियाण्याचे नमुने तोलायचे छोटे काटे असतात, त्यातला एक मोडीत निघालेला. चिमूटभर बी तोलणाऱ्या त्या काट्यावर अख्खी भाकरी मावेना, म्हणून ती तुकडे करून तोलावी लागे. तुकडे करताना जो चुरा पडे तो मी तोंडात टाकत असे, कारण तो काट्यावर गेलेलाच नव्हता. ठेचा मी शून्य धरला, एवढं तिखट अंगात गेल्यावर उलट काहीतरी जळत असणार म्हणून. शेंगदाण्याच्या चटणीशी जुळणारं कात्रणात पीनट बटर होतं आणि त्याचा आकडा छाती दडपणारा होता, पण आपल्या चटणीत बटर कुठे असतं? तीही सुटली. असा सगळा शास्त्रशुद्ध कारभार.

गरम करायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. पहिल्या दिवशी डबा तव्यावर ठेवला, तर डबा आणि खिचडी एकजीव झाले. कुकरमध्ये ठेवला तर पाणी आत गेलं. मग फेब्रुवारी संपत आला आणि मला आमच्या जालन्याचं ऊन आठवलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी पत्रा होता. अकराला डबा पत्र्यावर ठेवायचा, वर जाळीची टोपली, टोपलीवर वीट. एकपर्यंत जेवण कोमट व्हायचं. टोपलीभोवती कावळे बसायचे, पण एकानंही कधी दोडक्यासाठी जीव टाकला नाही, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

खरी परीक्षा लोडशेडिंगनं घेतली. उन्हाळा लागला तशी लाईट जायला लागली, आधी दोन तास, मग चार तास, मग विचारूच नका. एका सोमवारी दुपारी फ्रीज उघडला तर कप्प्यातून पाणी ठिबकत होतं आणि पूर्ण आठवड्याचं जेवण मऊ पडलं होतं. परत गोठवलं तर आंबणार. टाकून द्यायचं म्हणजे अन्न टाकायचं, ते आमच्या घरी कुणी केलेलं नाही. घरच्यांना दिलं असतं, पण मागे एकदा ह्यांनी एक घास घेऊन पाणी मागितलं होतं. मी शांतपणे विचार केला. मंगळवारच्या कॅलऱ्या मंगळवारच्याच राहणार, त्या सोमवारी खाल्ल्या म्हणून वाढत थोड्याच आहेत? आज आगाऊ खाऊ आणि उद्यापासून काहीच खायचं नाही. दिवे लागेपर्यंत मी शुक्रवारात पोचले होते. मंगळवारी एकादशी निघाली. उपास मोडायचा नाही म्हणून साबुदाण्याची खिचडी झाली, आणि उपासाच्या पदार्थाला कुणी कॅलरी लावत नाही.

तरीसुद्धा, कसं कोण जाणे, माझं वजन उतरलं. गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीत मोठा काटा होता, मी त्यावर उभी राहत असे. गिरणीवाला सवयीनं आधी डब्याचं वजन वजा करायचा, मी म्हणायचे करू द्या. पण उतरलं ते सगळं तोंडावरून. गाल आत गेले, डोळ्यांखाली काळं आलं, गळ्याची हाडं दिसू लागली. कंबर होती तिथेच होती. मी मात्र आरशात फक्त गळ्यापर्यंत बघायचे आणि खूश व्हायचे. भेटेल ती बाई विचारायची, किती वाळलात, बरं नाही का? ही वाहवाच आहे असं मी धरलं होतं.

अशात परतूरची सोयरीक जमली. टेंभुर्णीचा माझा मावसभाऊ मध्ये होता. मुलीकडचे जुने घरंदाज शेतकरी, कापूस, मोसंबी, माणसं मोकळी. मुलगी शिकलेली, हसरी. थोरला एकदाच बघून आला आणि त्या दिवसापासून उगीच शीळ घालायला लागला. वैशाखात साखरपुडा ठरला त्यांच्या घरी, आणि लग्न दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की. तिथी ते ब्राह्मणाला विचारून आठ दिवसांत कळवणार होते.

सकाळच्या गाडीनं आम्ही पंधरा-वीस माणसं निघालो. माझ्या पिशवीत ओल्या पंच्यात गुंडाळलेला डबा. ह्यांनी विचारलं, काय आहे? मी म्हटलं, माझं जेवण. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि परतूर येईपर्यंत बाहेरच पाहत राहिले.

साखरपुडा छान झाला. कुंकू, साडी, अंगठी, पेढे. पेढा मी हातात घेतला आणि पदराच्या गाठीला बांधला. आल्याआल्याच मी डबा त्यांच्या अंगणातल्या कठड्यावर उन्हात ठेवून दिला होता. दोन कार्टी तिथे खेळत होती, त्यांना म्हटलं, हात लावू नका रे. नेमकी मुलीची आजी तिथे बसली होती. तिनं ते सगळं पाहिलं.

बायकांची पंगत बसली. पुरणपोळ्या, तुपाच्या वाट्या, येळवणीची आमटी, कुरडया, भज्यांचे ढीग. मुलीची आई स्वतः वाढत होती. उंच, थोराड बाई, हातात हिरव्या बांगड्या मनगटभर. पहिली पोळी ती माझ्यासाठी घेऊन आली, कारण पहिली पोळी विहिणीची. आणि मी उन्हातून उचलून आणलेला श्रीखंडाचा डबा पानावर ठेवला.

तिनं विचारलं, "विहीणबाई, हे काय?"

"मी माझं आणलंय," मी म्हटलं. "तुम्ही बाकीच्यांना वाढा."

ती पोळी घेऊन तशीच उभी राहिली. मग वळली आणि पोळी पुढच्या बाईच्या पानात गेली. माझ्या शेजारी आजी बसली होती. तिला वाटलं मी घरून श्रीखंड आणलं. त्यांच्या पुरणाला नावं ठेवून आपलं गोड घेऊन आलेली विहीण तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पण मी झाकण काढलं आणि आत काळं पडलेलं दोडकं दिसलं. आजीनं डब्याकडे पाहिलं, माझ्या गळ्याच्या हाडांकडे पाहिलं, आणि आपलं ताट हळूच वीतभर पलीकडे ओढून घेतलं.

मला वाटलं, मला जागा करून देते आहे. मी मांडी मोकळी करून बसले आणि मनात हिशेब मांडला की एका पुरणपोळीच्या तुपासकट किती वाचल्या. एवढा आनंद मला अंगठीच्या वेळीही झाला नव्हता.

परतीच्या गाडीत जालना जवळ आलं आणि सगळे उतरायची तयारी करायला लागले तेव्हा हे बोलले.

"पोरीच्या आईनं तुझ्या पुढ्यात आणलेली पोळी परत नेली. तिचं तोंड बघितलंस?"

मी म्हटलं, बघितलं की, चकित झाली होती. माझा निग्रह पाहून.

आठ दिवस झाले. तिथी आली नाही. दहा झाले, बारा झाले. ब्राह्मण गावाला गेला असेल असं मी म्हटलं. थोरल्याची शीळ बंद झाली. कामावरून आला की तो फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायचा, सुरू आहे ना ते बघायला, आणि ठेवून द्यायचा. जेवायला उभ्या उभ्या. मी त्याला विचारलं तर म्हणाला, काही नाही, आई. अगदी सभ्यपणे म्हणाला. मुलगा चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्याला ती मुलगी हवी होती, आणि ती कुठल्या तरी कारणानं लांब लांब चालली होती, आणि कारण त्याला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.

मग टेंभुर्णीचा मावसभाऊ आला. चहा नको म्हणाला. पाणीही नको म्हणाला, नंतर घेतलं, पण भांडं आधी नीट बघून घेतलं.

"आक्का, एक विचारतो, खरं सांग," तो म्हणाला. "तुला काही दुखणं हाय का?"

मी म्हटलं, कसलं दुखणं?

"परतूरला लोकं काय काय बोलून राह्यलेत. पोराची आई वेगळ्या भांड्यात जेवती, कुणाला हात लावू देत न्हाई, नुसती हाडं राह्यलीत. कुणी म्हणतं छातीचं हाय, कुणी म्हणतं आणखी काही. आणि म्हातारी म्हणती दुखणं बिखणं काही न्हाई, माज हाय. आपल्या घरचं अन्न चालत न्हाई तिला. दोन्हीतलं कोणतं बी असलं तरी पोरगी द्यावी का न्हाई, हा विचार चालू हाय."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. कॅलरी म्हणजे काय, जावेचे डबे, कात्रण, काटा. त्यानं शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाला, "आक्का, हे मी तिथं सांगू शकत न्हाई. ह्यापेक्षा दुखणं बरं होतं."

तो गेला आणि मी फ्रीजपुढे जाऊन उभी राहिले. शहाण्या बाईनं तेव्हाच ते डबे नालीत रिकामे करून परतूरला फोन लावला असता. पण ती बाई अजून माझ्या घरी राहायला आली नव्हती. जी होती तिनं विचार केला की आता एवढं सोसलंच आहे तर चार किलो आणखी उतरू देत, मग काय ते बघू.

मृग तोंडावर आला. त्या दिवसांत जालना बियाण्यासाठी आलेल्या माणसांनी फुगून जातं, आसपासच्या तालुक्यांतून टेम्पो भरून लोक येतात. एका दुपारी दाराशी दोन बाया उभ्या. मुलीची आई आणि तिची सासू, ती आजी.

"बियाणं न्यायला आल्तो," विहीण म्हणाली. "घरचे दुकानाच्या रांगेत हायेत. म्हटलं तेवढ्यात तुम्हाला भेटून जावं."

बियाणं घ्यायला कुणी सासूला घेऊन येत नाही, हे मलाही कळलं. लाईट नव्हती. हे कचेरीत, थोरला प्लँटवर, धाकटा कॉलेजात. त्यांचं जेवण सकाळीच करून डब्यात गेलं होतं आणि भांडी घासून पालथी पडली होती. ओट्यावर काहीही शिजत नव्हतं, कशाचा वास नव्हता. गृहिणीच्या घरात दुपारी बाराला स्वयंपाकघर इतकं स्वच्छ असणं किती वाईट दिसतं ते मी त्या दिवशी त्या दोघींच्या डोळ्यांनी पाहिलं.

आजीनं बसताच विचारलं, गोळ्या चालू हायेत का? मी म्हटलं, नाही. मग इंजेक्शनं? नाही. आजी म्हणाली, मंग बाहेरचं, करणीबिरणी, कुणी बघितलं का? मी म्हटलं, आजी, मला काही झालेलं नाही. आजारी माणूस असंच म्हणतो, अशा अर्थानं तिनं मान हलवली.

विहीण तोवर बसली नव्हती. ती पाणी घ्यायच्या निमित्तानं आत आली आणि तिनं फ्रीज उघडला. लाईट गेलेली, कप्पा ठिबकतोय, आणि आत एकावर एक श्रीखंडाचे डबे, प्रत्येकावर पट्टी आणि आकडा. तिनं एक काढला. झाकण उघडलं. बोटानं थोडं दोडकं घेऊन तोंडात घातलं. मी बघत होते. ती चावत राहिली. वाईट चव लागली की माणूस चेहरा करतो, तिनं तो केला नाही. नुसती चावत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"विहीणबाई, एक सांगा," ती म्हणाली. "माझ्या लेकीला बी ह्याच डब्यात देणार का जेवायला?"

इतके दिवस मला वाटत होतं की ती माझ्या दुखण्याला भ्यायली किंवा अपमानानं रागावली. ती यातलं काहीच घेऊन आली नव्हती. तिला फक्त एवढं बघायचं होतं की आपली पोरगी ज्या घरात जाणार तिथे भूक लागली तर तिच्यापुढे काय येईल. आणि मी तिला फ्रीज भरून उत्तर मांडून ठेवलं होतं, वर आकडे घालून.

मी परात घेतली आणि ज्वारीचं पीठ काढलं. पाण्याचं आधण ठेवलं. बेसन कालवलं, लसूण ठेचला. पहिली भाकरी फाटली. आजी दारात येऊन बसली आणि माझं थापणं बघायला लागली. तिला बहुतेक माझे हात बघायचे होते, आजारी बाईच्या हातून भाकरी उठत नाही म्हणून. दुसरी उठली. तिसरी टम्म फुगली. पिठल्याला तेल सुटलं आणि घरात वास भरला. कितीतरी दिवसांनी त्या घराला वास आला. मी दोन ताटं मांडली.

आजी म्हणाली, "तिसरं कुठंय?"

मी म्हटलं, मी मागून बसते, तुम्ही घ्या.

"न्हाई. परतूरला तुम्ही आमचा घास उचलला न्हाई. आज तुम्ही खाल्ल्याबिगर आम्ही उचलत न्हाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती फक्त अट सांगत होती. मी बसले. विहिणीनं माझ्या ताटात भाकरी वाढली, पिठलं वाढलं, कांदा फोडून ठेवला, वर तेलाची धार. आणि वाढून झाल्यावर ती बसली नाही. तिथेच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत. मी पहिला घास घेतला. चावला. गिळला. तिनं गिळण्यापर्यंत सगळं पाहिलं आणि मगच ती खाली बसली.

अर्धी भाकरी होईपर्यंत मी मोजत होते हे मी लपवणार नाही. पावाच्या हिशेबानं, तेल वेगळं धरून. नंतर पिठलं संपत आलं, आजीनं न विचारता आणखी वाढलं, ठेचा पुढे सरकला, आणि माझा हिशेब कुठे बुडाला ते मला कळलं नाही. तिसऱ्या भाकरीला मी घाम पुसला. दोघी माझ्याकडे असं बघत होत्या जसं लोक तापातून उठलेल्या लेकराकडे बघतात.

"असं जेवायला येतंय की तुम्हाला," विहीण म्हणाली. "मंग ते सगळं कशासाठी करून राह्यल्या?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, लग्नाच्या शूटिंगमध्ये बारीक दिसावं म्हणून.

आजीनं सुनेकडे पाहिलं. विहिणीनं पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं ही पुन्हा रडते. ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, आजी तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागली आणि स्वतःच हसायला लागली, दात नव्हते त्यामुळे आवाज न करता. शेवटी विहिणीनं डोळे पुसले आणि ताटावरून माझ्याकडे वाकून, आजीला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू विचारलं, "किती उतरलं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, इतकंच? पंधरवड्याच्या तापात तिचं म्हणे याहून जास्त उतरलं होतं. आणि आणखी एक भाकरी मागितली.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. थोरला घरात होता, त्यानंच उचलला. तिथी आली होती. त्यानं ती मला सांगितली, मग ह्यांना सांगितली, मग पुन्हा मला सांगितली. डबे मी मोकळे करून परत माळ्यावर टाकले. लग्नात मी पुरेशी जाड होते आणि माझ्या शेजारी विहीण माझ्याहून जाड होती. आम्ही दोघी मिळून शूटिंगवाल्याला नवरानवरी दिसू दिली नाही.

सून घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपारी तिनं पहिली भाकरी काढली आणि माझ्या ताटात वाढली. मी म्हटलं, बस तूही. ती हो म्हणाली आणि बसली नाही. हातात पळी धरून उभी राहिली. मी घास घेतला, तशी ती खाली बसली. मला वाटलं नवी आहे, लाजते आहे. पण तिसऱ्या दिवशीही तेच, महिन्यानंही तेच. पहिली भाकरी मला, आणि मी घास गिळेपर्यंत ती उभी.

याला आता वीस वर्षं होऊन गेली. शेजारणी पाहतात आणि आपापल्या सुनांना सांगतात, सासूची मर्यादा कशी ठेवावी ते हिच्याकडून शिका. नातेवाईक लग्नाकार्यात तिचं नाव काढतात. मी मान डोलावते. सून खाली मान घालते. पोरीला चांगलं माहीत आहे आणि मलाही माहीत आहे की यात मर्यादेचा काही संबंध नाही. परतूरहून निघताना तिच्या आईनं तिला एक काम सांगून पाठवलं होतं, आणि ते ती अजून रोज दुपारी करते आहे. मीही मग पहिला घास जरा मोठाच घेते आणि तोंड उघडून दाखवते.